बानूबाईच्या मुठीतलं रक्त

कारेगावात बानूबाईच्या खानावळीचा रस्ता विचारला, की लोक रस्ता सांगायच्या आधी हसायचे. "जेवा पोटभर, पर उठताना पिशवी झटकून दावा," असं म्हणायचे. नवख्याला वाटायचं, चेष्टा चाललीय. पहिल्याच जेवणात त्याला कळायचं, की यात चेष्टा फार नव्हती. बानूबाई एका हातानं आमटी वाढायची आणि डोळ्यांनी त्याचा डबा, त्याचा खिसा, त्याच्या मांडीखालची जागा तपासून घ्यायची. रांजणगावच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी इकडची पोरं तिला मावशी म्हणायची, बिहारकडची चाची म्हणायची आणि पाठीमागं सगळी मिळून सीआयडी म्हणायची.

आता, संशय काही कुणाच्या पोटात जन्मापासून नसतो. बानूबाईची निम्मी जिंदगी मेंढरांमागं गेली होती. उघड्या रानात बिऱ्हाड, आणि भिंत म्हणाल तर मेंढरांभोवती लावायची जाळीची वाघर. तिच्यातून कोकरू काढून न्यायला चोराला कितीसा वेळ लागतो? एकदा तर ज्यानं संध्याकाळी शेजारी बसून भाकरी खाल्ली, त्यानंच पहाटे दोन कोकरं उचलली. तेव्हापासून चोर नेहमी ओळखीचाच असतो, हे बानूबाईनं मनाशी पक्कं केलं. पुढं एमआयडीसी आली, रानं गेली, चराई गेली, मेंढरं विकली, घर सिमेंटचं झालं. पण मनाभोवतीची वाघर काही तिनं काढली नाही.

नवरा गेणबा अगदी उलटा. त्याला कुणी भर दुपारी चंद्र दाखवला असता, तर त्यानं हात जोडले असते. "तुमी हात जोडा, मी चंद्र मोजते," असं बानूबाईच एकदा म्हणाली होती. आणि खोटं कशाला बोला, तिच्या संशयावरच ते घर उभं राहिलं होतं. दूधवाल्याचं पाणी तिनं पकडलं, गॅसवाल्याची अर्धी टाकी तिनं पकडली. दर वेळी संशय खरा ठरला, की बानूबाईचा चेहरा उजळायचा. जो खोटा ठरायचा, त्याची आठवण ती ठेवायची नाही.

माऊली हा तिचा एकुलता एक. कंपनीत कायम झाला आणि दौंडच्या भिमाजीची अंकिता त्याला सांगून आली. भिमाजी रेल्वेत रुळांवरच्या गँगमध्ये होता. सरकारी नोकरी, राहायला क्वार्टर, पोरगी बारावी शिकलेली, दिसायला नीटस, आणि मागणं काही नाही. कुणीही म्हटलं असतं, देव पावला. बानूबाई म्हणाली, "येवढं चांगलं सोताहून दारात कसं येतंय? कायतरी खोट असंल."

लग्न झालं आणि खोट शोधायचं काम सुरू झालं. बानूबाई कधी तोंडावर आरोप करायची नाही. नुसतं हवेत बोलायची. "साखर लवकर सरती बाई आजकाल." "कुनाच्या माहेरी बरे फोन जात्यात." अंकिताला प्रत्येक शब्द इंगळीसारखा डसायचा. ती स्वयंपाकघरातून तडक बाहेर यायची, शपथा घ्यायची, समजावून सांगायची, रडायची. बानूबाई ते रडणंच पुरावा म्हणून धरायची. "चोराच्या मनात चांदनं," असं गेणबाला ऐकवायची. गेणबा विडी शोधायला बाहेर जायचा.

लग्नाला वर्ष होऊन गेलं आणि अंकिताला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तिची दाढ ठणकायला लागली. शिरूरला नेऊन दाढ काढली, तर रक्त थांबेना. बानूबाईनं मायेनंच तिला मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा भरायला लावल्या. एक झाली की दुसरी, खळखळून. चूळ थुंकली की पाणी लाल, पाणी लाल दिसलं की आणखी एक चूळ. दिवसभर हेच चाललं. रात्री कापसाचा बोळा दाबून धरल्यावर कुठं थांबलं.

शिरूरच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं आणि त्या गंभीर झाल्या. "रक्तात बारीक पेशी असतात, प्लेटलेट म्हणतात," त्या म्हणाल्या. "जखम झाली की त्या तिथं जमतात, एकमेकींना चिकटतात आणि जखमेला बूच बसतं. हिच्या संख्येनं पुरेशा आहेत. पण चिकटतात का नाही, ते बघायला हवं. नाही चिकटल्या तर बाळंतपणात जिवावर बेतेल."

ते बघायचं मशीन पुण्याला. अंकिताच्या पोटातली वार, बाळाला पोसणारी ती गादी, खाली असल्यामुळं तिला लांबच्या प्रवासाची बंदी. मग ठरलं, की रक्त शिरूरला काढायचं आणि नळी मीरासाहेबाबरोबर पुण्याला पाठवायची.

मीरासाहेब शिरूरचा. शिरूर-पुणे रस्त्यावर त्याची माणसं भरून नेणारी वडाप जीप चालायची आणि सीटखाली थर्माकोलची एक पेटी असायची. शिरूरच्या दवाखान्यांतून निघणाऱ्या नळ्या तो पुण्याच्या लॅबमध्ये पोचवायचा. पन्नाशीचा, हळू बोलणारा, गाडी तर बैलगाडीगत चालवणारा माणूस. गेणबाशी त्याची जुनी ओळख होती. आणि ओळखीचा म्हटलं, की बानूबाईच्या लेखी काय, ते वर सांगितलंच आहे.

"त्या पेटीत धा जनांचं रगात आसतंय," ती माऊलीला म्हणाली. "आदलाबदल झाली तर? आन् मुद्दामच कुनी केली तर? दौंडची मान्सं रेल्वेतली, त्यांचे हात कुठवर पोचत्यात कुनाला ठावं?"

"आये, रक्ताची कोन कशाला आदलाबदल करंल?" माऊली म्हणाला.

"ज्याला खोट झाकायचीय, तो करंल," बानूबाई म्हणाली आणि पदर खोचून स्वतःच जीपमध्ये जाऊन बसली.

शिरूर सुटल्या सुटल्या तिनं मीरासाहेबाला पेटी उघडायला लावली आणि सुनेच्या नावाची नळी काढून मुठीत घेतली. मीरासाहेबानं गाडी कडेला घेतली. म्हणाला, "वहिनी, पेटीत ऱ्हाऊ द्या. न्हाईतर घ्या हातात, पर उभी धरा आन् हलवू नका. लॅबवाल्यांनी मला बजावून सांगितलंय. हललं की वाया जातंय."

झालं. एवढं ऐकलं आणि बानूबाईचे कान टवकारले. हलवू नका? का म्हणून? अर्धी हयात मेंढरांत गेली होती तिची. बिरोबाच्या जत्रेला बोकड पडला, की पातेल्यात रक्त धरायचं काम कायम तिच्याकडं असे. धरलं रक्त तसंच ठेवलं तर बघता बघता दह्यासारखं जमतं. म्हणून त्यात हात घालून सारखं घुसळत राहायचं, क्षणभर थांबायचं नाही. हात थांबला की रक्त गेलं. तिच्या हाताचं पातेलं कधी जमलं नव्हतं, अशी तिची ख्याती होती. आणि हा बाबा तिला सांगतो, हलवू नका! म्हणजे रक्त जमावं, फुकट जावं, तपासणीच होऊ नये, अशी कुणाची तरी इच्छा होती. कुणाची, हे काय सांगायला हवं? दौंडवाल्यांनी याला गाठलं असणार.

बानूबाई वरकरणी "बरं" म्हणाली. आणि पदराखाली नळी हलवायला लागली. कारेगाव गेलं, रांजणगावाला कंपन्यांच्या बसमागं जीप अडकली, शिक्रापूर गेलं, कोरेगाव भीमाला ट्रकांची रांग लागली, आणि बानूबाईची मूठ पदराखाली चाललेलीच. मनगट भरून आलं तेव्हा तिनं हात बदलला. नळीत रक्त जमू नये म्हणून आधीच औषध घातलेलं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं ते खरं मानलं नसतं. पुण्यात नळी देताना रक्त पातळच होतं, आणि आपण मीरासाहेबाचा डाव हाणून पाडला या समाधानात ती परत आली.

रिपोर्ट आला. प्लेटलेट चिकटत नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मजात दोष असू शकतो, पुन्हा तपासू, घाई नको. मीरासाहेबाला रिपोर्टचं कळलं तसा तो खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, रागावू नका, पर इचारतो. नळी हलवली तर न्हवती ना?"

बानूबाईनं पदर सारखा केला. "न्हाई," ती म्हणाली. "मी कशाला हलवू?"

मीरासाहेबानं तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि तो निघून गेला. त्या बघण्याचाही बानूबाईला संशय आला. पण तिला आता वेळ नव्हता. वर्षभर शोधलेली खोट शेवटी हाताला लागली होती.

त्याच आठवड्यात ती गेणबाला आणि माऊलीला घेऊन दौंडला गेली, अंकिताला पुढं घालून. सुनेला असलेली प्रवासाची बंदी या वेळी तिला आठवली नाही. भिमाजीच्या क्वार्टरच्या ओट्यावर, आजूबाजूच्या बाया कामं टाकून बघत असताना ती बोलली, "पाव्हनं, नासकं रगात आमच्या पदरात बांधलं तुमी. सांगितलं का न्हाई?" भिमाजीचा चेहरा पडला. त्यानं देवाची शपथ घेतली, मेलेल्या बापाची घेतली. बानूबाई ढिम्म हलली नाही. "पोर हितंच ऱ्हाऊ द्या. पुढचं पुढं बघू."

या 'पुढचं पुढं'चा अर्थ सगळ्यांना कळला. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज खरा, पण त्यासाठी कुणी पाचव्या महिन्यात असं आणून टाकत नाही. अंकिता भिंतीला टेकून उभी होती. या खेपेला ती रडली नाही, शपथही घेतली नाही. बानूबाईला वाटलं, पकडली गेली, म्हणून गप्प आहे.

माऊली कारेगावला परत आला, पण घरात जेवेनासा झाला. कंपनीच्या कॅन्टीनमध्येच खायचा. रात्री उशिरानं यायचा आणि आईच्या अंगावरून भिंतीकडं बघत आत जायचा. साऱ्या एमआयडीसीला जेवू घालणाऱ्या बाईचा मुलगा बाहेर जेवतो, ही गोष्ट कारेगावात लपते थोडीच? बानूबाईनं त्यातही दौंडचाच हात पाहिला.

सातवा संपता संपता भिमाजीचा निरोप आला. सोनोग्राफीत वार वर सरकली होती, प्रवासाची मुभा मिळाली होती, आणि तो मुलीला पुण्याच्या त्याच लॅबमध्ये समक्ष नेणार होता. माऊलीनं मीरासाहेबाची जीप ठरवली. बानूबाई न बोलवता येऊन बसली. आता तर तिला जाणं भागच होतं. अंकिताच्या जागी दुसऱ्याच कुणाचं रक्त दिलं म्हणजे?

लॅबमधल्या मॅडम कमी बोलणाऱ्या, पण मनानं मोकळ्या होत्या. ही बाई दारातून हलत नाही म्हटल्यावर त्यांनी तिला आतच बोलावलं. "बघा, डोळ्यांदेखत करते." अंकिताच्या दंडातून रक्त घेतलं. नळी यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी काढलं, काही वेळ शांत ठेवलं. प्लेटलेट या पाण्यात असतात, मॅडम म्हणाल्या. गढूळ दिसतंय ते त्यांच्यामुळं. त्या एकमेकींना चिकटल्या, की पाणी निवळतं आणि मशीनची पेन कागदावर चढत जाते. त्यांनी औषधाचा थेंब टाकला. पेन सरसर वर गेली.

"चिकटल्या," मॅडम म्हणाल्या. "उत्तम आहेत. हिला काही दोष नाही."

भिमाजीनं हात जोडले. माऊलीनं बायकोकडं पाहिलं. बानूबाई म्हणाली, "मंग तवा का न्हाई चिकटल्या?"

हे तिनं कुरघोडीसाठी विचारलं होतं. मॅडमना मात्र तो प्रश्न फार आवडला. "तेच दाखवते," म्हणत त्यांनी त्याच पाण्याचा दुसरा वाटा घेतला. "प्लेटलेटच्या अंगावर हाक ऐकायच्या जागा असतात. त्यांना कान म्हणा. जखम झाली की एक द्रव्य सुटतं, तीच त्यांची हाक. मघाचा थेंब त्याचाच होता. आता मी अगदी थोडं द्रव्य टाकते. खोटी हाक." पेन किंचित चढली आणि परत खाली आली. "पाहिलंत? जवळ आल्या, जखम सापडली नाही, पांगल्या. आता थोडं थांबून खरी हाक देते, मघाएवढीच मोठी." त्यांनी थेंब टाकला. सगळे पेनकडं बघत राहिले. पेन कागदावर आडवी चालत राहिली.

"मेल्या का?" भिमाजीनं घाबरून विचारलं.

"छे. जिवंत आहेत. हाकेला विटल्या आहेत. कान मिटले आहेत त्यांनी. नळी फार हलली, की रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि तेच द्रव्य थोडं थोडं पाझरत राहतं. सारखी खोटी हाक. लॅबमध्ये पोचेपर्यंत त्या ऐकायच्या थांबतात, आणि आम्ही रिपोर्ट देतो, चिकटत नाहीत. दोष रक्तात नसतो." मग मॅडमनी दाढेचं विचारलं, चुळांचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. जमलेलं बूच चुळेनं धुऊन निघालं, म्हणून रक्त वाहत राहिलं. "पण ती पहिली नळी आणली कुणी? इतकी कुणी हलवली?"

बानूबाईच्या मनगटात कळ आल्यासारखं झालं. तिनं पायांकडं बघितलं.

"मी आणली," दाराशी उभा मीरासाहेब म्हणाला. "रस्ता खराब हुता, मॅडम."

मॅडम त्याला बोलल्या. बराच वेळ बोलल्या. एका मुलीचं आयुष्य पणाला लागलं होतं, कळतं का तुम्हाला, असं म्हणाल्या. यापुढं नळ्या दुसऱ्याकडून मागवू, हेही म्हणाल्या. मीरासाहेबानं मान खाली घालून ऐकून घेतलं. बानूबाईला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात विचार आला तो वेगळाच. हा खरं का बोलत न्हाई? ह्याच्या मनात काय हाय? पुढं काय मागायचंय ह्याला माज्याकडं?

जीप परत दौंडला आली. क्वार्टरपाशी सगळे उतरले, आणि इतका वेळ कोंडलेला भिमाजी फुटला. त्यानं मीरासाहेबाची कॉलर धरली. "तुज्या हलगर्जीपायी माजी पोर नासकी ठरली! चार लोकांत माजी मान खाली गेली! पुन्हा दौंडात गाडी घिऊन दिसलास तर याद राख." बाया पुन्हा दारांत जमल्या. माऊलीही पुढं सरकला, सोडवायला का मारायला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मीरासाहेबानं हात वर केला नाही की बानूबाईकडं बोटही केलं नाही. तिला राहवेना. ती त्याच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाली, "बोलत का न्हाई तुमी? ठावं हाय ना तुमाला?"

"ठावं हाय वहिनी. आरशात दिसत हुता तुमचा हात," तो तसाच हळू म्हणाला. "पर मी सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता. मंग मला कोन खरं धरनार हुतं?"

यात काही डाव नव्हता. बानूबाईनं सवयीनं शोधून पाहिला, आणि तिला तो सापडला नाही. आपल्या एका शब्दापुढं या माणसाचं अख्खं आयुष्य खोटं ठरलं असतं, हे त्याला आधीपासून माहीत होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

"सोडा त्याला, पाव्हनं," ती म्हणाली. "त्यानं हलवली न्हाई. मी हलवली. त्यो नगं म्हनत असताना हलवली. तुमी त्याला फितवलंय असं मला वाटलं. आन् त्यानं मागनं इचारलं, तवा मी खोटं बोलले. पोरीच्या रगतात खोट न्हाई. दोन महिनं मी तिला हितं टाकली ती माज्या पापापायी."

भिमाजीचा हात कॉलरवरून खाली आला. माऊलीनं आईकडं पाहिलं, आणि बानूबाईला वाटलं, आता पोरगा ओरडावा तरी. तो जीपच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. मीरासाहेबानं शर्ट सारखा केला.

बानूबाई अंकिताकडं वळली. पोरगी ओट्यावर बसली होती, पोटावर हात ठेवून. "चुकले गं," बानूबाई म्हणाली. "समद्यांम्होरं म्हनते. बाळातपन हू दे हितं, रीतीनं. मंग मी सोता न्यायला येते. येशील न्हवं?"

"नेलं तर यीन आत्याबाई," अंकिता म्हणाली.

"राग आलाय ना तुला?"

"न्हाई."

"मंग शिव्या दे मला. रड तरी. आधी एका शब्दाला रडायचीस."

"आता येत न्हाई रडू," अंकिता म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती की रुसवा नव्हता, वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं ती बोलली. बानूबाई ओट्याच्या पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. अंकितानं जरा वेळ वाट पाहिली. मग ती उठली, आतून तांब्या-भांडं आणलं, आल्यागेल्या पाहुण्याला ठेवतात तसं सासूपुढं ठेवलं, आणि चहाला दूध ठेवायचं होतं म्हणून आत गेली.